निरोपाचा कागद

नोकरी लागली म्हणजे घरांत पेढे येतात, देवापुढें साखर ठेवली जाते, आणि नेमणुकीचें पत्र चारचौघांना वाचून दाखविलें जातें. त्या पत्रावर सही कशी करावी हें कोणास शिकवावें लागत नाहीं. आनंदाच्या भरांत ती होऊन जाते. नोकरी सुटण्याच्या वेळीं मात्र घर गप्प असतें. शाल, श्रीफळ आणि चार भाषणें एवढाच निरोप आपल्या वर्गाच्या मागील दोन-तीन पिढ्यांना ठाऊक; कारण त्यांच्या नोकऱ्या बहुधा सरकारी, शाळेंतल्या अथवा बँकेंतल्या असत. अलीकडे खासगी कंपन्यांतून निरोपाची एक निराळी रीत पडली आहे. साठी येण्यापूर्वींच एके दिवशीं नोकरदारास खोलींत बोलावतात, कांहीं रक्कम देऊं करतात, आणि तिच्या बदल्यांत एका करारपत्रावर सही मागतात. इंग्रजींत त्यास ‘सेपरेशन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. आमच्या घरीं त्याचें नांव ‘निरोपाचा कागद’ असें पडलें. या लेखांतहि आम्ही तेंच वापरणार आहों.

असा कागद जून २०२३ मध्यें आमच्या हातीं आला. पुण्याजवळच्या, यंत्रें बनविणाऱ्या एका कंपनींत आम्ही चोवीस वर्षें होतों. त्यांतलीं शेवटचीं नऊ वर्षें आराखडा-विभागाचे प्रमुख म्हणून. वय त्रेपन्न. कंपनीनें तो विभाग परप्रांतीं हलविण्याचें ठरविलें, आणि आम्हां अकरा जणांस एकाच दुपारीं एकेक करून बोलावलें. कागद नऊ पानांचा, सगळा इंग्रजी. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एकंदर रक्कम होती: २२,३४,७६९ रुपये. सहीची मुदत दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पांच वाजेपर्यंत. एच्. आर्. विभागाचे अधिकारी सौजन्यानें बोलत होते. “साहेब, इतर ठिकाणीं एवढं कोणी देत नाहीं,” असें त्यांनीं दोनदां सांगितलें. कंपनीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें न देण्याचें आम्हीं लिहून दिलें आहे, आणि कोणता शब्द द्यावा व कोणता देऊं नये हाच तर या लेखाचा विषय आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. सदाशिव पेठेंतलें जुनें घर पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत शेजारशेजारचे दोन ब्लॉक, मधली भिंत काढलेली, स्वयंपाक एक. आई शहाऐंशी वर्षांची, वडील बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, बँकेंतून निवृत्त झालेले, वहिनी, घरींच शिकवण्या घेणाऱ्या आमच्या सौभाग्यवती, आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांतली आमची कन्या. रात्रीं जेवणें आटोपल्यावर कागद मध्यें ठेवून सगळे बसले. सौभाग्यवतींच्या मनांत प्रथम आला तो मुलीच्या शिक्षणाचा खर्च; वहिनींना वाटलें, नातेवाइकांत काय सांगावयाचें; आणि आमच्या मनांत, खरें सांगावयाचें तर, संतापाखेरीज कांहीं नव्हतें. आईनें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, “नोकरी तर ते काढूनच घेताहेत. मग हे एवढे पैसे कशाचे देताहेत?”

प्रश्न साधा होता. पण नऊ पानांत त्याचें उत्तर कोठेंहि सरळ दिलेलें नव्हतें. वहिनींनीं वाणसामानाची वही आणली आणि दादांनीं पानाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे, सही केली नाहीं तरी जें मिळावयाचें तें. उजवीकडे, केवळ सहीमुळें मिळणारें.

जूनचा पगार १,१०,००० रुपये. तो केलेल्या कामाचा, म्हणून डावीकडे. शिल्लक असलेल्या बेचाळीस दिवसांच्या रजेचे, कंपनीच्या नियमाप्रमाणें, ८४,००० रुपये, तेहि डावीकडे. नेमणूकपत्रांत दोन महिन्यांच्या नोटिशीची अट होती. नोटिशीवांचून दूर करावयाचें तर त्या दोन महिन्यांचे २,२०,००० रुपये. राहिली ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याप्रमाणें, पांच वर्षें अखंड सेवा झालेल्यास सेवेच्या दर वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन मिळावयाचें, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरावयाचा. आमचा मूळ पगार व महागाईभत्ता मिळून ६०,००० रुपये. त्यास १५ नें गुणिलें, २६ नें भागिलें, पुन्हा २४ नें गुणिलें, आणि आले ८,३०,७६९ रुपये. डाव्या रकान्याची बेरीज झाली १२,४४,७६९. उजव्या रकान्यांत एकच ओळ उरली: नऊ महिन्यांचा पगार, ९,९०,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधि तर या हिशोबांत नव्हताच. तो आमच्या नांवावर वेगळा जमा होता.

शेजाऱ्यानें आपल्याच बागेंतलीं फुलें खुडून परडी भरावी आणि वर चार स्वतःचीं घालून ती आपल्यालाच नजर करावी, तसा हा बावीस लाखांचा आकडा होता. त्यांतला निम्म्याहून अधिक भाग आमचाच होता. हा हिशोब पुरा होतांच घरांतली धास्ती बरीच ओसरली. कारण सही न केल्यास सारेंच बुडेल ही जी समजूत मनांत घर करून बसली होती, ती नाहींशी झाली. पणास लागले होते नऊ लाख नव्वद हजार. मध्यम स्थितींतल्या कुटुंबास हीहि रक्कम लहान नव्हे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं विचारासाठीं सात दिवस मागितले. लेखी मागितले, म्हणून लेखी मिळाले. मग शिवाजीनगरच्या न्यायालयांत नोकरीविषयक दावे चालविणाऱ्या एका वकीलबाईंकडे कागद घेऊन गेलों. त्यांनीं नऊ पानांतल्या पांच वाक्यांखालीं पेन्सिलीनें रेघा मारल्या आणि म्हणाल्या, “पैसे या पांच वाक्यांचे आहेत. बाकीचीं पानं वाचलीं नाहींत तरी चालेल.”

पहिलें वाक्य: ‘मी स्वेच्छेनें राजीनामा देत आहें.’ हें खरें नव्हतें हें सही मागणाऱ्यासहि ठाऊक होतें. त्याचा उपयोग मात्र मोठा. राजीनामा म्हटला कीं छाटणी उरत नाहीं, आणि छाटणीचे नियमहि उरत नाहींत. कायद्याच्या व्याख्येंत जे ‘कामगार’ ठरतात, त्यांना १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं घातलेल्या कलमांप्रमाणें छाटणीच्या वेळीं सेवेच्या दर वर्षामागें पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई मिळे. आम्ही स्वतः व्यवस्थापनांतले असल्यामुळें त्या व्याख्येंत बसत नव्हतों. परंतु आमच्या हाताखालचे ड्राफ्ट्समन बसत होते, आणि त्यांच्याहि कागदांत हेंच वाक्य होतें.

दुसरें वाक्य: ज्ञात-अज्ञात असे सर्व हक्क सोडून दिल्याचें. यावर आमच्या एका मित्रानें धीर दिला होता कीं, असले करार न्यायालयांत टिकत नाहींत, खुशाल सही करावी. वकीलबाईंनीं हा भ्रम काढून टाकला. न्यायालयाचें दार सर्वस्वी बंद करणारा करार १८७२ च्या करार कायद्यानें रद्दबातल ठरतो हें खरें; परंतु असलेला वाद रक्कम घेऊन मिटविणें ही निराळी गोष्ट आहे, आणि असा समेट कायद्यास मान्य आहे. दबावाखालीं दिलेली संमति रद्द करवून घेतां येते हेंहि खरें; पण दबाव होता हें दाखवून द्यावें लागतें, आणि विभागप्रमुख राहिलेल्या, सात दिवस विचार करून वकिलाचा सल्ला घेतलेल्या माणसास तें दाखवितां येणें कठीण. दादांनीं यास आपल्या अनुभवाची पुस्ती जोडली. २०००-०१ सालीं सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तेव्हां ते नोकरींत होते. सेवेच्या दर वर्षामागें साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकीं जी कमी ती रक्कम मिळावयाची होती. पुष्कळांनीं अर्ज केले, आणि कांहींनीं मागाहून ते परत घेऊं पाहिले. तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २००२ मध्यें निकाल लागला. मंजुरीपूर्वीं अर्ज मागें घेणाऱ्यांचें म्हणणें राष्ट्रीयीकृत बँकांपुरतें मान्य झालें. परंतु योजनेची रक्कम ज्यांनीं स्वीकारली होती त्यांना मागें फिरतां आलें नाहीं. “पैसे उचलले कीं बोलणं संपलं,” असें दादा म्हणाले.

तिसरें वाक्य: दोन वर्षें याच धंद्यांतल्या दुसऱ्या कंपनींत नोकरी न करण्याचें. त्रेपन्नाव्या वर्षीं, एकच विद्या येत असतां, हें म्हणजे दोन वर्षें घरीं बसण्यासारखें. करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणें, कोणास आपला कायदेशीर धंदा करण्यापासून अडविणारा करार त्या मर्यादेपर्यंत व्यर्थ ठरतो. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कल्याणच्या एका कारखान्यांतल्या तंत्रज्ञाविरुद्धचा मनाईहुकूम कायम केला होता खरा. पण त्याचा पांच वर्षांचा करार चालू होता आणि तो मुदतींतच दुसरीकडे गेला होता. मुदतींतलें बंधन निराळें, आणि नोकरी संपल्यानंतरचें निराळें. मात्र कारखान्याचें खरेंखुरें गुपित दुसरीकडे नेण्याची मुभा कोणासहि नाहीं, हें वकीलबाईंनीं बजावून सांगितलें.

चौथें वाक्य: कंपनीची निंदा न करण्याचें. यांत आम्हांस कांहीं वावगें वाटलें नाहीं. ज्या ठिकाणीं चोवीस वर्षें मीठ खाल्लें, तेथून निघतांना जीभ आवरण्यास वेगळी रक्कम लागूं नये.

पांचवें वाक्य लहान होतें. ‘कंपनीच्या कोणत्याहि आजी-माजी नोकरास कंपनीविरुद्धच्या तक्रारींत वा दाव्यांत मी कसलीहि मदत करणार नाहीं.’ तें वाचून वहीचा हिशोब आमच्यापुरता मागें पडला. २०२२ सालीं आमच्या विभागांतल्या एका तरुण ड्राफ्ट्समनला, कारखान्याचे आराखडे परवानगीशिवाय बाहेर पाठविल्याचा आळ घेऊन, कामावरून काढण्यांत आलें होतें. आराखडे त्यानें पाठविले होते, पण वरिष्ठांच्या हुकुमानें. तो हुकूम तोंडी होता आणि आमच्या देखत दिला गेला होता. आम्हीं तेव्हांच लेखी टिपण पाठविलें. तें चौकशीच्या कागदांत कधीं आलें नाहीं. आतां त्याचें प्रकरण कामगार न्यायालयांत होतें. त्या खोलींत त्या दिवशीं हजर असलेल्या माणसांपैकीं त्याच्या बाजूनें बोलूं शकेल असे आम्हीच काय ते उरलों होतों.

त्या रात्रीं पुन्हा सगळे बसले. दादांचें मत स्पष्ट होतें: आधीं स्वतःचें घर. वहिनींनीं तोड सुचविली, “भाऊजी, समन्स आलं तर जावंच लागतं ना? मग कागदांत कांहीं कां असेना. सही करा, पैसे घ्या, आणि बोलावलं तर खरं तें सांगा.” यांत कायद्याच्या दृष्टीनें तथ्य होतें; न्यायालयानें बोलावल्यावर खरें सांगण्यास कोणताहि खासगी करार आडवा येऊं शकत नाहीं, असें वकीलबाईंनींहि सांगितलें होतें. परंतु दोन अडचणी होत्या. समन्स आपण होऊन येत नाहीं. हा साक्षीदार आहे आणि तो हें सांगूं शकेल, हें त्या मुलाच्या वकिलास आधीं कोणीतरी कळवावें लागतें, आणि कागदाप्रमाणें तीच ‘मदत’ ठरली असती. मग दिलेली रक्कम परत मागण्यास कंपनीला निमित्त मिळालें असतें. दुसरी अडचण मनाची. मोडण्याचा बेत मनांत ठेवून सही करणें आम्हांस जमणारें नव्हतें. सही करावी तर ती पाळण्यासाठीं.

सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अहो, पैसे कमी आले तर मी शिकवणीचा आणखी एक वर्ग घेईन. पण तो मुलगा रस्त्यांत समोरून आला आणि तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर गेलांत, तर तें मला बघवणार नाहीं.” कन्येनें शिक्षणासाठीं बँकेचें कर्ज मिळतें, त्याची चौकशी मी करतें, असें सांगितलें. आईनें विचारलें, “तें एक वाक्य काढा म्हणून विचारून तर बघ. नाहीं म्हटलं तर मग रडूं.” सबंध बैठकींत व्यवहाराचा सल्ला काय तो हाच होता, कारण आम्ही सर्वजण सही करावी कीं न करावी या दोनच वाटा धरून बसलों होतों. कागद बदलतां येतो, ही तिसरी वाट कोणाच्या ध्यानांत आली नव्हती.

वकीलबाईंनीं पत्राचा मसुदा करून दिला. रागाचा एकहि शब्द त्यांत नव्हता. तीन दुरुस्त्या मागितल्या. ‘स्वेच्छेनें’ याऐवजीं ‘विभाग बंद केल्यामुळें, परस्परांच्या संमतीनें’ असें लिहावें; दोन वर्षांचें बंधन काढून केवळ खऱ्या गुपितांपुरतें ठेवावें; आणि पांचवें वाक्य वगळावें. पहिल्या दोन दुरुस्त्या चार दिवसांत मान्य झाल्या. तिसरीसंबंधीं निरोप आला कीं, तें वाक्य वगळल्यास नऊ महिन्यांऐवजीं सहा महिन्यांचा पगार मिळेल. त्या एका वाक्याची किंमत अशा रीतीनें आम्हांस नेमकी कळली: ३,३०,००० रुपये. आमच्या कन्येच्या शिक्षणाचा व वसतिगृहाचा एका वर्षाचा खर्च त्याहून फारसा कमी नव्हता.

आम्हीं वाक्य वगळलेला कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, प्रत्येक पानाची प्रत ठेवली, आणि मुदतीच्या आदल्या दिवशीं सही केली. कन्येनें कर्ज काढलें. सौभाग्यवतींचा सकाळचा वर्ग सुरू झाला. पांच महिन्यांनीं आम्हांस चाकणच्या एका लहान कारखान्यांत पूर्वीपेक्षां कमी पगाराची नोकरी मिळाली; दोन वर्षांचें बंधन कागदांत राहिलें असतें तर मालकांनीं दारांत उभें केलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें समन्स आलें. आम्ही गेलों, आणि जें पाहिलें व ऐकलें होतें तें सांगितलें. त्या प्रकरणाचा निकाल अजून लागावयाचा आहे.

हें सांगण्यांत मोठेपणा घेण्याचा हेतु नाहीं. अकरांपैकीं सात जणांनीं त्याच संध्याकाळीं सही केली. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर घराचें कर्ज होतें आणि वडिलांस आठवड्यांतून तीनदां डायलिसिससाठीं न्यावें लागत होतें. त्यानें नऊ महिन्यांची रक्कम घेतली, हें योग्यच केलें; त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. आम्हांला सात दिवस मागण्याचें धैर्य झालें, याचें कारण आमच्या अंगच्या गुणांत शोधूं नये. दादांचें निवृत्तिवेतन होतें, चूल एक होती, भाडें भरावयाचें नव्हतें. एकत्र कुटुंबाच्या जाचाविषयीं आपण पुष्कळ बोलतों, आणि तो जाच खराहि आहे. पण घरांतल्या एकाचा पगार थांबला असतां त्यास ‘नाहीं’ म्हणण्यासाठीं आठवडाभराची सवड ही संस्था देऊं शकते, हें आम्हीं त्या आठवड्यांत पाहिलें.

दादांचे चिरंजीव न्यू जर्सींत असतात, वय त्रेचाळीस. त्याच वर्षीं हिंवाळ्यांत त्यांनाहि असाच कागद मिळाला. ते फोनवर सांगत होते कीं, तेथें १९९० च्या एका कायद्याप्रमाणें, चाळीस वर्षें पुरीं झालेल्या नोकरदाराकडून वयाच्या भेदभावाविषयींचे हक्क सोडवून घ्यावयाचे असतील तर त्यास विचारासाठीं निदान एकवीस दिवस द्यावे लागतात. पुष्कळांना एकदम काढावयाचें असेल तर पंचेचाळीस. वकिलाचा सल्ला घ्या असें लेखी सांगावें लागतें, आणि सही केल्यावरहि सात दिवसांच्या आंत ती मागें घेतां येते. आपल्याकडे खासगी नोकरीच्या अशा कागदास इतके दिवस द्यावेत असा सर्वसाधारण नियम नाहीं. म्हणून ते दिवस आपणच मागावे लागतात. आम्हांस आलेला अनुभव असा कीं, लेखी आणि शांतपणें मागितल्यास ते बहुधा मिळतात. उद्यांच सही हवी असें म्हणणाऱ्यालाहि आठ दिवसांनीं मिळालेली सही चालते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या देशांत नव्या चार कामगार संहिता अंमलांत आल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेप्रमाणें, काढून टाकलेल्या, छाटलेल्या वा राजीनामा दिलेल्या नोकराचें देणें वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतें करावयाचें आहे. ग्रॅच्युइटीचा पंधरा दिवसांचा नियम सामाजिक सुरक्षा संहितेंत कायम आहे, आणि ठराविक मुदतीच्या नोकरीवरील माणसास तर एका वर्षाच्या सेवेनंतरहि ती मिळावयाची आहे. म्हणजे डाव्या रकान्याचें बळ वाढलें आहे. त्या रकान्यांतल्या रकमेसाठीं कोणाचेहि आभार मानावयाचे नाहींत, आणि तिच्या मोबदल्यांत कांहीं लिहूनहि द्यावयाचें नाहीं.

राहतां राहिली घरांतली एक व्यवस्था. आमच्याकडे आतां घराच्या खरेदीखताच्या पेटींतच प्रत्येकाचें नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा ठेवलेला असतो, आणि पेटीची किल्ली सौभाग्यवती व वहिनी यांच्याकडे आहे. कन्येला गेल्या वर्षीं पहिली नोकरी लागली. पेढे आले, देवापुढें साखर ठेवली, आणि तिचें अकरा पानांचें नेमणूकपत्र आम्ही सर्वांनीं मिळून वाचलें. नोकरी सुटल्यावर अठरा महिने प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचें वाक्य सातव्या पानावर होतें. तिनें तें पेन्सिलीनें अधोरेखित केलें आणि त्याबद्दल कंपनीस पत्र लिहावयास घेतलें.